महापौरांची खुर्ची आणि वाडीची बैठक



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असं कार्यकारिणीनं सांगितलं, तेव्हा आम्ही दोन-तीन विषय काढून पाहिले. लेणी, संगीती, सम्राट अशोक यांवर जाणकार मंडळी लिहितीलच. आम्ही आपला म्युनिसिपालटीचा विषय घेतला. आरे-वारेच्या वाडीला मुंबईच्या महापौराचं काय देणंघेणं, असं कुणी म्हणेल. पण या किनाऱ्यावरच्या आपल्या कुठल्या घरातला माणूस मुंबईला नव्हता? रत्नागिरीच्या बंदरावरून बोटीनं जायचं, भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि परळ, नायगाव, डिलाईल रोड, माझगाव असं जिथं गाववाल्याची खोली असेल तिथं वळकटी टाकायची. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, तर बरेचजण म्युनिसिपालटीच्या खात्यात. शहर झाडलं आपल्या माणसांनी आणि गटारं उपसली तीही आपल्याच माणसांनी. त्या शहराचा ‘पहिला नागरिक’ म्हणून आपल्या चळवळीतला माणूस बसला, त्याची हकिकत मुलाबाळांना ठाऊक असावी एवढाच आमचा हेतू आहे.

आधी थोडं मागं जाऊ. नगरपालिकेची सत्ता म्हणजे काय, याचा पहिला धडा आपल्याला मुंबईनं नव्हे, महाडनं दिला. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने सर्वांना खुले असावेत. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेनं १९२४ च्या जानेवारीत चवदार तळं खुलं केलं. ठराव झाला, वहीत नोंदला गेला, आणि तीन वर्षं तळ्यावर आपलं कुणी गेलं नाही! कारण कागदावर तळं खुलं होतं, काठावर नव्हतं. नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस चांगल्या मनाचे, समतेचे पुरस्कर्ते. पण अध्यक्ष चांगला असला म्हणून पाणी हाताला लागत नाही. ते लागलं २० मार्च १९२७ रोजी, जेव्हा बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसं रांगेनं चालत गेली.

आणि पुढचंही सांगितलं पाहिजे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला. सनातन्यांनी कोर्टातून मनाई आणली. डिसेंबरच्या परिषदेला माणसं पुन्हा जमली, मनुस्मृती जळाली, पण तळ्यावर कोर्टाचा हुकूम होता. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १७ मार्च १९३७ उजाडावं लागलं. ठराव हातांच्या मोजणीनं होतो आणि हातांच्या मोजणीनंच जातो, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखलं असणार. म्हणून त्यांनी एकीकडे कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं (सप्टेंबर १९३७) आणि दुसरीकडे जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा थेट कौन्सिल हॉलवर नेला. खोती म्हणजे काय ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. तो कायदा शेवटी १९४९ साली झाला.

आता मुंबईकडे. मुंबई म्युनिसिपालटीत पूर्वी सर्वांना मत नव्हतंच. जो अमुक इतकं भाडं भरील त्यालाच मत. एका खोलीत दहा-दहा जण राहणाऱ्या आपल्या माणसांच्या वाट्याला त्यातून किती मतं येणार! १९४८ साली पहिल्यांदा प्रौढ मतदानावर निवडणूक झाली आणि झाडूवाल्याच्या मताला शेठच्या मताएवढीच किंमत आली. त्यानंतरची मोठी घटना म्हणजे १९५७. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं होतं. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन समितीत सामील झालेलं होतं. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला सहा महिनेही झाले नव्हते, अशा दुःखात आपली माणसं मतदानाला उतरली. समितीनं महापालिका काँग्रेसच्या हातून काढून घेतली. मग महापौरपद समितीतल्या निरनिराळ्या विचारांच्या माणसांकडे गेलं. १९५७-५८ ला शिक्षणक्षेत्रातले आचार्य मो. वा. दोंदे, १९५८-५९ ला कम्युनिस्ट कामगार पुढारी एस. एस. मिरजकर आणि १९५९-६० ला रिपब्लिकन पक्षाचे पी. टी. बोराळे.

तसं पाहिलं तर आपल्या चळवळीतला माणूस महापौर होण्याची ही देशातली पहिली वेळ नव्हे. फेडरेशनचे अध्यक्ष एन. शिवराज १९४५ सालीच मद्रासचे महापौर झाले होते. पण मुंबई ती मुंबई. ज्या शहरात बाबासाहेबांना चाळीतल्या खोलीत रात्री जागून अभ्यास करावा लागला, त्या शहराच्या सभागृहात मधल्या उंच खुर्चीवर बोराळे बसले. चाळीचाळीत लोकांना काय वाटलं असेल ते सांगायला नको.

पण त्या खुर्चीत होतं काय? हे नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर आपण उगाच फुशारकी मारू किंवा उगाच निराश होऊ. मुंबई महापालिका चालते १८८८ च्या कायद्यानं. त्या कायद्यानं कारभाराचा अधिकार आयुक्ताला दिलेला आहे आणि आयुक्त नेमतं सरकार. महापौराला नगरसेवक निवडतात, तेव्हा तोही एकाच वर्षासाठी. तो सभा चालवतो, कोण बोलेल ते ठरवतो, समसमान मतं पडली तर निर्णायक मत देतो. साधा नळ बसवायचा हुकूमही तो परस्पर काढू शकत नाही. पोलीस तर त्याच्याकडे नाहीतच, ते राज्य सरकारकडे. १९९२-९३ साली रिपब्लिकन पक्षाचेच चंद्रकांत हंडोरे महापौर होते. त्यांच्याच वर्षात डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगली झाल्या, मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. शहर जळत असताना पहिल्या नागरिकाच्या हाती एक शिपाईही नसतो, ही आपल्या कायद्याची रचना आहे. १९९८ साली महापौर परिषद आणून ही रचना बदलून पाहिली, ती वर्षभरातच गुंडाळली. आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपली तेव्हा तर निवडणूकच लांबली, आयुक्तच प्रशासक झाले आणि महापौराची खुर्ची काही वर्षं रिकामीच राहिली. शहराचं काम थांबलं नाही. मात्र दारात जाऊन जाब विचारावा असा आपल्या वॉर्डातला निवडलेला माणूस राहिला नाही.

म्हणून बोराळ्यांच्या वर्षात किती रस्ते झाले, किती नळ आले याची जंत्री करण्यात आम्हाला अर्थ वाटत नाही. एका वर्षात आणि त्या अधिकारात कुणाचंच तसं माप निघत नाही. बोराळे कायद्याचे अभ्यासक होते. १९६८ साली त्यांचा अस्पृश्यतेच्या प्रश्नाचा सामाजिक आणि कायदेशीर अभ्यास करणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, ‘सेग्रिगेशन अँड डिसेग्रिगेशन इन इंडिया’. नावातले दोन्ही शब्द अमेरिकेतल्या काळ्या बांधवांच्या लढ्यातले आहेत. महापौरपद भोगलेला माणूस काही वर्षांनी वेगळं ठेवणं कसं मोडतं यावर कायद्याचं पुस्तक लिहितो, यावरून त्या पदानं सगळं मिटलं असं त्याला वाटत नव्हतं हे उघड आहे.

आणि ते १९५९ साल पाहा. मुंबईत आपला महापौर. त्याच वर्षी कर्मवीर दादासाहेब गायकवाड नाशिक-खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह चालवतात, माणसं तुरुंगात जातात. धर्मांतरित बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न तसाच लोंबकळतोय. केंद्रात त्या मिळायला १९९० उजाडलं. आणि त्याच वर्षी पक्ष फुटतो! ऑक्टोबर १९५७ मध्ये नागपूरला स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष दोन वर्षांत दोन झाला. एकीकडे दादासाहेब, दुसरीकडे बॅ. बी. सी. कांबळे. ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ हे शब्द त्यातलेच. शिकलेले आणि धोतरवाले असाही वाद रंगला. पुढं १९६४-६५ चा मोठा भूमिहीन सत्याग्रह झाला, तीन लाखांहून जास्त माणसं तुरुंगात गेली, आणि तरीही फूट काही भरली नाही. १९९८ साली आपले चार खासदार एकदम निवडून आले, प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले. आपण पेढे वाटले. पेढ्यांची चव जाते न जाते तोच चौघं चार दिशांना.

याउलट एक गोष्ट पाहा. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. महापालिका शिवाजी पार्कात मंडप घालते, पाण्याचे नळ लावते, शौचालयं, दवाखाना, दिवे, सगळं करते. महापौर कुठल्या पक्षाचा आहे हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. ज्यांना ते आवडत नाही तेही करतात, कारण माणसं येतातच आणि शिस्तीनं येतात. आमच्यापैकी एकजण लहानपणी आजीच्या बोटाला धरून गेला होता. रांगेत रात्र काढली, पण धक्काबुक्की पाहिली नाही. समता सैनिक दलाचे जवान दोरी धरून उभे होते.

आता आपल्या इकडचं. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली, ग्रामपंचायतीत राखीव जागा आल्या, पुढं महाराष्ट्रात महिलांना निम्म्या जागा झाल्या. एका गावात (नाव लिहीत नाही, वाचणाऱ्यांना कळेल) आपल्यातल्या एक ताई सरपंच झाल्या. आम्ही अभिनंदनाला गेलो तर कपाटाची किल्ली दुसऱ्याच्याच खिशात. सही मात्र ताईंची. वर्षभर वाडीची पाखाडी मंजूर होऊनही होईना. मग बायकांनी ठरवलं. ग्रामसभेला एरवी वाडीतून तिघं-चौघं जायची, त्या दिवशी घरटी एक बाई गेली. कुणी भांडलं नाही, घोषणा नाहीत. फक्त बसून राहिल्या आणि म्हणाल्या, इतिवृत्त वाचा. वाचलं. पावसाळ्याआधी पाखाडी झाली. ताई तीच, खुर्ची तीच.

हे सगळं आम्ही आज का लिहितोय, तेही सांगून टाकतो. गेल्या दोन वर्षांत आपल्याच वाडीत जयंतीच्या दोन मिरवणुका निघाल्या. दोन वर्गणी-वह्या, मुंबई शाखेकडे दोन वेगवेगळी पत्रं. विहाराच्या मागची संरक्षक भिंत पावसात खचली, त्याचा अर्ज दोघांनी वेगवेगळा दिला आणि कचेरीतल्या साहेबांनी दोन्ही अर्ज एकावर एक ठेवले. ‘तुमचं आधी ठरवा,’ म्हणाले. बोलणं टोचलं, पण उत्तर आमच्याकडे नव्हतं. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारातच बैठक आहे. दोन्ही बाजूंची माणसं यायला तयार झाली आहेत. अर्ज एकच लिहिलाय, सह्यांची जागा मोकळी ठेवलीय.