कैदी मायदेशी आला, मग शिक्षेचे काय झाले?

ऑक्टोबर २०२३मध्ये कतारच्या न्यायालयाने भारतीय नौदलातल्या आठ माजी कर्मचाऱ्यांना फाशीची शिक्षा सुनावली. डिसेंबरात ती कमी होऊन तुरुंगवासावर आली. कतारशी आपला शिक्षा झालेल्या कैद्यांच्या हस्तांतरणाचा करार २०१५मध्येच झाला आहे, ही गोष्ट तेव्हा एकदम सगळ्यांना आठवली. करार आहे, म्हणजे ते घरी येणार. घरी येणार, म्हणजे सुटणार, असा हिशेब घरोघरी मांडला गेला. फेब्रुवारी २०२४मध्ये ते सुटले हे खरे, पण त्या करारामुळे सुटले नाहीत. कतारच्या अमीरांनी त्यांची सुटका केली. कराराच्या वाटेने आले असते तर ते दोह्यातल्या कोठडीतून भारतातल्या कोठडीत आले असते आणि उरलेली वर्षे त्यांनी इथे काढली असती.

हाच गैरसमज दुसऱ्या टोकालाही दिसतो. परदेशी तुरुंगात अडकलेला माणूस नौदलातला नसेल, विमानतळावर पिशवीत हेरॉइन घेऊन सापडलेला कोणी असेल, तर तीच माणसे म्हणतात, गुन्हा तिथे केला ना, मग शिक्षाही तिथेच भोगू दे. सरकारी खर्चाने त्याला आणायचे, इथे पोसायचे आणि वर शिक्षेत सूट द्यायची, हे लाड कशासाठी? पहिल्या बोलण्यात माया आहे, दुसऱ्यात राग आहे, पण पाया दोन्हींचा एकच: हस्तांतरण म्हणजे सुटका. हा पायाच चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्यामुळे एका चांगल्या कायद्याला आपल्याकडे ना सरकारात कोणी पाठीराखा उरला आहे, ना समाजात.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. कैद्यांच्या प्रत्यावर्तनाचा भारतीय कायदा २००३चा. १ जानेवारी २००४पासून तो लागू झाला. प्रत्यर्पणाशी त्याचा संबंध नाही. खटला चालवण्यासाठी आरोपीला धरून आणणे म्हणजे प्रत्यर्पण. अबू सालेमला पोर्तुगालहून आणले ते तसे. इथे खटला संपलेला असतो, निकाल अंतिम झालेला असतो, अपील उरलेले नसते. फाशीची शिक्षा झालेला, लष्करी कायद्याखाली दोषी ठरलेला किंवा ज्याच्यावर दुसरा खटला चालू आहे असा कैदी या वाटेने येऊ शकत नाही. आपल्या करारांत साधारणपणे आणखी दोन अटी असतात: ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असले पाहिजे आणि शिक्षेचे निदान सहा महिने शिल्लक असले पाहिजेत. शिवाय तीन संमती लागतात, शिक्षा देणाऱ्या देशाची, मायदेशाची आणि खुद्द कैद्याची. मायदेशातल्या न्यायालयाला तो खटला पुन्हा उघडता येत नाही. निकालाचा फेरविचार करण्याचा अधिकार ज्याने शिक्षा दिली त्या देशाकडेच राहतो.

आता ‘सूट’ या आक्षेपाकडे येतो. त्याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयातून सुरू होऊन सर्वोच्च न्यायालयात संपलेल्या एका प्रकरणात आहे, आणि ते अगदी आकड्यांत आहे. एका भारतीय नागरिकाला मॉरिशसमध्ये १५२.८ ग्रॅम हेरॉइन बाळगल्याबद्दल २६ वर्षांची शिक्षा झाली. २०१६मध्ये तो कराराप्रमाणे भारतात आला. आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात हेरॉइनचे ५ ग्रॅमपर्यंतचे प्रमाण अल्प आणि २५० ग्रॅमच्या वरचे व्यापारी मानले जाते. १५२.८ ग्रॅम या दोहोंच्या मध्ये पडते, आणि या मधल्या प्रमाणासाठी आपल्याकडची कमाल शिक्षा १० वर्षे. कैद्याचे म्हणणे सरळ होते. मी आता भारताच्या तुरुंगात आहे, भारताच्या कायद्यात याला दहा वर्षेच आहेत, तेव्हा माझी शिक्षा दहावर आणा. २००३च्या कायद्यातच तशी वाट ठेवलेली आहे: परदेशातली शिक्षा स्वरूपाने किंवा मुदतीने भारतीय कायद्याशी विसंगत असेल, तर केंद्र सरकार ती इथल्या तशाच गुन्ह्याच्या शिक्षेशी जुळवून घेऊ शकते. उच्च न्यायालयाने २०१९मध्ये त्याच्या बाजूने कौल दिला.

जानेवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मॉरिशसशी झालेल्या करारात शिक्षेचे स्वरूप आणि मुदत भारतावर बंधनकारक आहे, असे न्यायालयाने दाखवून दिले. आपल्याकडे कमाल मर्यादा कमी आहे एवढ्यावरून २६ वर्षांची शिक्षा विसंगत ठरत नाही. ती आपल्या मूलभूत कायद्यांच्या विरोधात जात असेल तरच तो प्रश्न येतो. २६ वर्षे २६च राहिली.

जो माणूस मायदेशी आल्यावर लाड होतात म्हणतो, त्याने हे प्रकरण डोळ्यांसमोर ठेवावे. तोच माणूस तेवढेच हेरॉइन घेऊन सहार विमानतळावर सापडला असता तर दहा वर्षांत बाहेर आला असता. मायदेशी आणल्याने त्याची शिक्षा एका दिवसानेही कमी झाली नाही. हा निकाल कठोर आहे, हे मला मान्य आहे. दहाच्या जागी २६ वर्षे, म्हणजे माणसाची उमेद आत संपते. तरीही तो योग्य आहे असेच मला वाटते. मॉरिशसने कैदी आपल्या हाती दिला तो आपल्या शब्दावर. तो शब्द मोडला असता तर त्यानंतरच्या प्रत्येक भारतीय कैद्याचा अर्ज तिथे आणि इतरत्रही बाजूला पडला असता.

असाच पेच अमेरिकेत चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी येऊन गेला आहे. अमेरिका आणि मेक्सिको यांचा करार १९७६चा. १९७७च्या अखेरीस पहिले कैदी सीमा ओलांडून आले. त्यातल्या काहींनी अमेरिकेच्या तुरुंगात पोहोचल्यावर अर्ज केला. आमचा मेक्सिकोत छळ झाला, विजेचे झटके दिले, आणि त्या नरकातून सुटण्यासाठी आम्ही संमतीवर सही केली, ती खरी संमतीच नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. खालच्या न्यायालयाने त्यांना सोडायला सांगितले. १९८०मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. छळाच्या हकिकती न्यायालयाने खोट्या ठरवल्या नाहीत, उलट त्या ऐकून घेतल्या. पण हे कैदी सुटले तर मेक्सिको पुढचा एकही कैदी देणार नाही, आणि मागे राहिलेल्यांची एकुलती एक वाट बंद होईल, हे त्या निकालातले निर्णायक कारण होते. न्यायाधीशांना तो निर्णय सोपा गेला नसणार.

मात्र प्रतिपक्षाच्या हातात एक खरे हत्यार आहे. ते लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. फेब्रुवारी २००४मध्ये बुडापेस्टला नाटोच्या इंग्रजी भाषावर्गासाठी आलेल्या रामिल साफारोव या अझरबैजानी अधिकाऱ्याने त्याच वर्गातला आर्मेनियन अधिकारी गुर्गेन मार्गार्यान झोपेत असताना कुऱ्हाडीने मारला. हंगेरीच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली, निदान ३० वर्षे आत राहावे अशी. ३१ ऑगस्ट २०१२ला कैद्यांच्या हस्तांतरणाच्या युरोप परिषदेच्या १९८३च्या स्ट्रासबर्ग करारानुसार हंगेरीने त्याला बाकूला पाठवले. उतरल्या दिवशीच राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली. पुढे बढती मिळाली, घर मिळाले, तुरुंगातल्या वर्षांचा पगार मिळाला. आर्मेनियाने हंगेरीशी राजनैतिक संबंध तोडले.

याहून मोठा पुरावा काय हवा, असे कोणी म्हणेल. पण हे प्रकरण नीट उलगडून पाहा. शिक्षा राबवण्याचे आश्वासन हंगेरीने अझरबैजानकडून घेतले होते, आणि त्या आश्वासनाला अझरबैजान जागले नाही. स्ट्रासबर्ग करारात दोन्ही देशांना माफीचा अधिकार राखलेला आहे, हे खरे. पण तो खुनाचा सत्कार करण्यासाठी नव्हे. मे २०२०मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जगण्याच्या हक्काच्या संदर्भात अझरबैजानला दोषी धरले, हंगेरीला धरले नाही. यातून निघते ते एवढेच की शिक्षा देणाऱ्या देशाने समोरच्याची नियत तपासावी, आणि पुढच्या करारांत माफीपूर्वी आपली संमती घेण्याची अट घालावी. एका देशाने विश्वासघात केला म्हणून मॉरिशसच्या तुरुंगातल्या, थायलंडच्या तुरुंगातल्या माणसाने का भरडले जावे? भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये बाकूच्या नेमके उलटे केले, हे आपल्या बाजूचे सर्वांत बळकट प्रमाण आहे.

आता ‘तिथेच भोगू दे’ या वाक्याकडे वळू, कारण ते नुसते रागातून आलेले नाही, त्यात एक तर्कही आहे. ज्या समाजाचा अपराध केला त्याच समाजात प्रायश्चित्त घ्यावे, असा तो तर्क. ऐकायला तो न्याय्य वाटतो. पण शिक्षा संपल्यावर काय होते? तो देश या माणसाला ठेवून घेत नाही. शिक्षा संपताच त्याला हद्दपार केले जाते. भाषा न कळणाऱ्या कोठडीत दहा-बारा वर्षे काढलेला माणूस एका पहाटे मुंबईच्या विमानतळावर उतरतो. त्याच्यावर इथे कोणाची देखरेख नसते, कोणत्या तुरुंगाधिकाऱ्याने त्याला ओळखलेले नसते, हाताला काम शिकवलेले नसते, गावी जायला बायकोने दागिने मोडून पाठवलेले पैसे तेवढे असतात. गुन्हेगाराबद्दल ज्यांना खरी भीती वाटते, त्यांनी तरी ‘तिथेच भोगू दे’ हा मार्ग धोक्याचा मानायला हवा.

तुरुंगवासात माणूस माणूस राहतो तो मुलाखतीमुळे. येरवड्याच्या किंवा नाशिक रोडच्या तुरुंगाबाहेर मुलाखतीसाठी आलेली माणसे पाहावीत. कोणाच्या हातात जुन्या साडीची पिशवी, कोणाच्या कडेवर पोर. नाव नोंदवायचे, ओळखपत्र दाखवायचे, नंबर लागला की काचेपलीकडच्या माणसाशी फोनच्या रिसीव्हरवर काही मिनिटे बोलायचे. वकिलाने काय सांगितले, पोरगी पास झाली का, विहिरीला पाणी आहे का. आपल्या राज्यात काही तुरुंगांत ‘गळाभेट’ होते, त्या दिवशी लहान मुलांना काचेविना बापाला जवळ घेता येते. पुढे संचित रजा असते, अभिवचन रजा असते. आई वारली तर मातीला जाण्यासाठी निदान अर्ज करता येतो. रियाधच्या किंवा बँकॉकच्या तुरुंगातल्या रत्नागिरीच्या माणसाला यातले काय मिळते? वकिलातीतला अधिकारी येऊन भेटला तर भेटला, फोन लागला तर लागला. कैद्याला शक्य तितके घराजवळ ठेवावे, असे संयुक्त राष्ट्रांचे मंडेला नियम सांगतात, ते उगाच नव्हे. न्यायालयाने त्याला तुरुंगवास दिला होता. घरच्यांचे तोंड न पाहण्याची शिक्षा कोणत्याच निकालपत्रात लिहिलेली नसते.

खर्चाच्या आणि गर्दीच्या मुद्द्याला फार जागा द्यायची गरज नाही. आपले तुरुंग भरून वाहतात हे खरे: २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती, क्षमतेच्या १३१ टक्के, आणि त्यातले चारात तीन कच्चे कैदी. परदेशांतल्या तुरुंगांत असलेले भारतीय, कच्चे कैदी धरून, सरकारने २०२५मध्ये संसदेत सांगितल्याप्रमाणे दहा हजारांहून थोडे अधिक होते, आणि हस्तांतरणाच्या वाटेने २०२२पर्यंत परत आलेले भारतीय शंभराच्या आतच भरतात. एवढ्यांनी आपल्या तुरुंगांतली गर्दी वाढली, असे कोणी म्हणू नये.

उलट्या दिशेने होणाऱ्या चुकीबद्दलही बोलले पाहिजे. युरोपात आता कैद्याच्या संमतीशिवायही त्याला मायदेशी पाठवता येते. युरोपीय संघाने २००८मध्ये तसा नियम केला. २०१५मध्ये ब्रिटनने जमैकाला तुरुंग बांधण्यासाठी अडीच कोटी पौंड देऊ केले होते, तुमचे कैदी तुम्ही घ्या या बोलीवर. जमैकाने ते नाकारले. ज्या व्यवस्थेचा उगम कैद्याला घराजवळ आणण्यात आहे, तिचा उपयोग परके लोक बाहेर काढायला होऊ लागला तर ती तीच व्यवस्था राहत नाही. ज्याची बायकामुले लंडनला आहेत त्याला किंग्स्टनच्या तुरुंगात टाकणे म्हणजे मुलाखतच हिरावून घेणे. आपल्या कायद्यात कैद्याची संमती आहे, आणि ती कोणत्याही दबावाखाली काढता कामा नये.

तेव्हा या व्यवस्थेवर खरा ठपका ठेवायचा तर तो मवाळपणाचा नाही, तिच्या मंद चालीचा आहे. तीसहून अधिक देशांशी करार आणि वर स्ट्रासबर्ग कराराचे सदस्यत्व असताना २०२२पर्यंत परतलेले शंभरही नाहीत, याचा अर्थ कागद कुठेतरी अडतात. कैद्याचा अर्ज तिथल्या तुरुंगातून निघतो; निकालपत्र, लागू झालेली कलमे, भोगलेल्या शिक्षेचा हिशेब आणि त्यांचे भाषांतर तयार होते; ते परराष्ट्र मंत्रालयातून गृह मंत्रालयात, तिथून राज्याच्या गृह खात्यात, तिथून जिल्ह्याच्या पोलिसांकडे येते, कारण हा माणूस भारतीयच आहे आणि याच गावचा आहे याची शहानिशा करायची असते. पाकिस्तानशी असा करारच नाही, पण नागरिकत्वाच्या शहानिशेत माणूस कसा लटकतो हे पालघरच्या खलाशांच्या घरी विचारावे. ओखा-वेरावळच्या बोटींवर गेलेले आणि सागरी सीमा ओलांडली म्हणून पकडले गेलेले हे आदिवासी, शिक्षा संपल्यावरही कराचीच्या मलीर तुरुंगात महिनोन्महिने पडून असतात. हस्तांतरणाच्या अर्जदाराचे तसे झाले तर त्याला एक जादा फटका बसतो: अर्ज करताना दोन वर्षे उरलेली असतात, कागद फिरून येईपर्यंत सहा महिन्यांची अट मोडते, आणि अर्जच बाद होऊ शकतो. राज्याच्या गृह खात्याने शहानिशेला मुदत घालून घ्यावी, ती उलटली तर कारण लेखी कळवावे, आणि सहा महिन्यांचा हिशेब अर्जाच्या तारखेपासून करण्याची तरतूद जिथे करारात नाही तिथे ती करून घ्यावी.