स्कुबा डायव्हिंगच्या रेग्युलेटरमध्ये ग्रीस का ठासून भरतात? आणि हेच काम घरी करणं धोक्याचं का ठरू शकतं?

मालवण, तारकर्ली किंवा गोव्याला जाऊन स्कुबा डायव्हिंग केलेल्यांना तोंडात धरायचा तो रबरी तुकडा नक्की आठवत असेल. पाण्याखाली श्वास त्यातूनच घ्यायचा असतो. त्याच्या नळीच्या दुसऱ्या टोकाला, थेट सिलिंडरवर, पितळेचा एक छोटा भाग बसवलेला असतो. खरी कामगिरी तिथे चालते आणि ग्रीसची गोष्टही तिथलीच आहे.

रेग्युलेटर नेमकं काय करतो?

भरलेल्या सिलिंडरमध्ये हवेचा दाब साधारण २०० बार असतो. म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या सुमारे २०० पट. एवढ्या दाबाची हवा थेट फुप्फुसात घेता येत नाही. म्हणून दाब दोन टप्प्यांत उतरवला जातो. सिलिंडरवरचा भाग, म्हणजे ‘फर्स्ट स्टेज’, तो भोवतालच्या दाबापेक्षा सुमारे ९ ते १० बार जास्त इतक्यावर आणतो. तोंडातली ‘सेकंड स्टेज’ श्वासाबरोबर हवी तेवढीच हवा सोडते.

आता गंमत अशी की, जसजसं खोल जावं तसतसा पाण्याचा दाब वाढतो. १० मीटरवर एकूण दाब २ बार होतो, ३० मीटरवर ४ बार. त्या प्रमाणात हवाही जास्त दाबाने मिळायला हवी. त्यासाठी फर्स्ट स्टेजला बाहेरचा दाब कळावा लागतो. जुन्या पिस्टन पद्धतीच्या रेग्युलेटरमध्ये याचा उपाय सरळ होता. स्प्रिंगच्या कप्प्याला भोकं ठेवायची. समुद्राचं पाणी आत येतं आणि पिस्टनवर दाब देतं.

मग ग्रीस कुठून आलं?

सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्ह गार लागतो, हे अनेकांनी अनुभवलं असेल. जास्त दाबाची हवा झपाट्याने प्रसरण पावली की थंड होते. फर्स्ट स्टेजमध्ये तर हवा २०० बारवरून एकदम १० बारच्या आसपास येते, त्यामुळे धातूही चांगलाच गार पडतो.

कोकणातल्या कोमट पाण्यात याने काही बिघडत नाही. पण युरोपातल्या थंड तलावांत किंवा बर्फाखाली डायव्हिंग करताना स्प्रिंगभोवतीचं पाणी गोठू शकतं. बर्फामुळे पिस्टन पूर्ण मिटत नाही, आतला दाब वाढत जातो आणि तोंडातून हवा अखंड उसळू लागते. याला ‘फ्री-फ्लो’ म्हणतात. सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होऊ शकतो. युरोपीय मानक ईएन २५० नुसार १० अंश सेल्सिअसपेक्षा थंड पाण्यासाठीच्या रेग्युलेटरची वेगळी चाचणी ४ अंशांच्या पाण्यात घेतली जाते, ती याचसाठी.

यावर एक साधी युक्ती निघाली. तो कप्पा सिलिकॉन ग्रीसने गच्च भरायचा आणि वरून रबरी टोपण चढवायचं. ग्रीस जवळपास दाबलं जात नाही, त्यामुळे बाहेरचा दाब पिस्टनपर्यंत पोचतो, पण पाणी आत शिरत नाही. स्कुबाप्रोच्या मार्क ५ आणि मार्क १० या जुन्या मॉडेलांसाठी अशी टोपणं मिळत. शिवाय वाळू, गाळ आणि मीठही बाहेरच राहतं. आजच्या अनेक रेग्युलेटरमध्ये कप्पा पडद्याने बंद केलेला असतो, त्यांना असं ग्रीस लागत नाही.

घरी करताना कुठे चुकतं?

परदेशात काही हौशी डायव्हर आपला रेग्युलेटर घरीच खोलतात. ग्रीस भरणं वरवर सोपं वाटतं, पण चुका नेमक्या इथे होतात:

१. चुकीचं ग्रीस: व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस पेट्रोलियमपासून बनतं. त्याने काही प्रकारचं रबर फुगतं आणि खराब होतं. सिलिकॉन ग्रीससुद्धा सिलिकॉन रबराच्या भागांना चालत नाही.

२. चुकीची जागा: ग्रीस ठासायचं ते फक्त पाण्याच्या बाजूच्या कप्प्यात. हवेच्या बाजूला ओ-रिंगवर अगदी पातळ थर पुरतो. पंप मारताना तो गरम होतो, तसंच सिलिंडर झटकन उघडला की हवा एकदम दाबली जाऊन तापते. तिथे तेलकट पदार्थ असेल आणि मिश्रणात ऑक्सिजन जास्त असेल, तर तो पेट घेऊ शकतो. म्हणून अशा उपकरणांत ऑक्सिजनमध्ये न पेटणारं, फ्लोरिनयुक्त विशेष ग्रीस वापरतात.

३. हवेचे बुडबुडे: भरताना आत हवा राहिली तर खोलवर ती आकसते आणि पाण्याला वाट मिळते.

४. जुनं ग्रीस तसंच ठेवणं: त्यात मीठ आणि वाळू मिसळली की तेच घासायला लागतं. दर सर्व्हिसिंगला ते पूर्ण काढून नवं भरावं लागतं.

५. दाब न तपासणं: जोडणी झाल्यावर मधला दाब गेजवर पाहावाच लागतो. काटा स्थिर न राहता हळूहळू चढत असेल, तर आत कुठेतरी गळती आहे. गेज नसेल तर हा दोष थेट पाण्याखालीच कळतो.

म्हणूनच कंपन्या हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यायला सांगतात.

मग घरी काय करावं?

डायव्हिंगनंतर धूळटोपी घट्ट लावून रेग्युलेटर गोड्या पाण्यात भिजवावा. त्या वेळी सेकंड स्टेजचं बटण दाबू नये, नाहीतर पाणी नळीतून आत जातं. नंतर सावलीत वाळवावा. आणि पर्यटक म्हणून समुद्रात उतरणाऱ्यांनी एक प्रश्न बिनधास्त विचारावा: “या रेग्युलेटरचं सर्व्हिसिंग शेवटचं कधी झालं?” उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर त्या दिवशी किनाऱ्यावरूनच समुद्र पाहिलेला बरा.