सिव्हिलायझेशन ४: नेता निवडताना त्याचे गुण का पाहावेत?

२००५ साली आलेल्या ‘सिव्हिलायझेशन ४’मध्ये प्रत्येक नेत्याला दोन गुण मिळतात. त्यामुळे नुसता देश बघून नेता निवडू नका.

नवीन असाल, तर ‘फायनान्शियल’ घ्या. ज्या चौकटीतून किमान २ कॉमर्स मिळतं, तिथे आणखी १ मिळतं. नदीचं १ आणि कॉटेजचं १, म्हणजे अट पहिल्याच दिवशी पूर्ण! एलिझाबेथकडे हा गुण आहेच, शिवाय ‘फिलॉसॉफिकल’मुळे महान व्यक्तींचे गुण दुप्पट वेगाने जमतात.

लढायचंच नसेल, तर ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ वाया जातो.

अशोकाचा ‘स्पिरिच्युअल’ किरकोळ वाटतो, पण राज्यव्यवस्था किंवा धर्म बदलताना इतरांच्या खेळ्या अराजकात जातात, त्याची एकही जात नाही. युद्ध आलं की व्यवस्था बदला, संपलं की पुन्हा जुनी आणा. फक्त दोन बदलांमध्ये काही खेळ्या थांबावं लागतं.