काचेच्या घरातले मासे

घरात मासे पाळण्याचा छंद मोठा निरुपद्रवी वाटतो. पेटीभर पाणी, चार-दोन रंगीत मासे आणि त्यांच्याकडे पाहत बसलेला एक निवांत माणूस. यात कुणाचं काय बिघडायचं? पण या छंदाचा इतिहास थोडा उलगडून पाहा, म्हणजे हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही.

चीनमध्ये सोनमासे हजार वर्षांपासून पाळले जातात. पण पूर्वी ते तळ्यांत आणि रांजणांत असत, म्हणजे वरूनच पाहायचे. माशाला बाजूने पाहायचं तर काच हवी, आणि त्या काचेत तो जगायलाही हवा. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला आणि काच स्वस्त झाली. मासा जगवण्याचा प्रश्न लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने हाती घेतला. त्याने काचेच्या भांड्यात दोन सोनमासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागलं, तेव्हा त्याने गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळलं. १८५० साली त्याने ही हकीकत प्रसिद्ध केली. माशाची घाण न दिसणारे जिवाणू पचवतात आणि पाण्याच्या पृष्ठभागातूनही प्राणवायू आत येतो, हे मात्र पुढे नीट उमगलं.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं. फिलिप गॉस याने १८५४ साली या विषयावर पुस्तक लिहिलं आणि इंग्लंडात घरोघरी पेट्या दिसू लागल्या. हौशी मंडळी किनाऱ्यावर लोटली. खडकांतली डबकी त्यांनी अशी काही ओरबाडली, की गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ साली आपल्या आठवणींत त्या उजाड झालेल्या डबक्यांबद्दल हळहळ व्यक्त केली. वडिलांच्या प्रेमळ पुस्तकाचंच ते फळ होतं!

मग छायाचित्र आलं. मासा मेला की त्याचा रंग उडतो. स्पिरिटमध्ये ठेवलेला नमुना तर पार फिका पडतो. म्हणून जिवंत माशाच्या चित्राला फार मोल. फिलाडेल्फियाचा विल्यम इनिस हा व्यवसायाने मुद्रक. त्याने हौसेने माशांची छायाचित्रे काढली आणि १९३५ साली ती आपल्या ग्रंथात छापली. पुढच्याच वर्षी एका निळ्या-तांबड्या चिमुकल्या माशाला शास्त्रज्ञांनी त्याचंच नाव दिलं. तोच आपला निऑन टेट्रा.

तुम्हांलाही असं चित्र काढता येईल. पेटी अरुंद घ्या. आत काचेची एक पट्टी उभी करा, म्हणजे मासा पुढच्या काचेजवळ राहील. कॅमेरा काचेसमोर सरळ धरा आणि उजेड वरून सोडा. मग दम धरा. मासा आपल्या सवडीने वळतो.

मात्र मासा विकत घेताना तो कुठून आला हे जरूर विचारा. केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधला, लाल पट्ट्याचा डेनिसन बार्ब १८६५ साली शास्त्राला माहीत झाला. २०१३ साली त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ असं नाव मिळालं. पेट्यांसाठी तो नद्यांतून इतका उपसला गेला, की आज त्याची गणना संकटग्रस्त माशांत होते. त्याची पैदास आता पेटीतही करता येते. तेव्हा तसाच मासा मागा. किनाऱ्यावरच्या त्या डबक्यांची गत आपल्या नद्यांची व्हायला नको.