कुलाब्याचे अफगाण चर्च

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातवाला घेऊन कुलाब्यास गेलो होतो. तेथल्या उंच मनोऱ्याच्या चर्चला सारी मुंबई ‘अफगाण चर्च’ म्हणते. नातवाने विचारले, “आजोबा, अफगाण लोक ख्रिस्ती होते का?” मला हसू आले, पण उत्तर हसण्यासारखे नव्हते. १८३८ ते १८४३ या काळात सिंध-अफगाणिस्तानच्या मोहिमांत जे कामास आले, त्यांचे ते स्मारक.

रशिया हिंदुस्थानावर चाल करून येईल, या भयाने गव्हर्नर जनरल ऑकलंडला पछाडले होते. काबूलचा अमीर दोस्त महंमद मैत्रीला तयार होता. पण साहेबाला गादीवर आपला माणूस हवा होता. लुधियानात इंग्रजांच्या तनख्यावर जगणारा पदच्युत शाह शुजा त्यांनी उकरून काढला. आपल्या पुण्याचा जुना रेसिडेंट माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा विलायतेत निवांत बसला होता. १८०९ साली पेशावरला जाऊन तो याच शुजाला भेटलेला. काबूल घ्याल, शुजाला बसवालही; पण त्या गरीब, थंड, बिकट मुलखात त्याला टिकवण्याची आशा नको, असे त्याने लिहिले. ऐकतो कोण!

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबई-बंगालच्या फौजांनी शुजाला काबुलात नेऊन बसवले. परक्यांच्या संगिनींनी राखलेला राजा प्रजेला आपला वाटेना. त्यात खर्च डोईजड झाला, म्हणून खिंडी राखणाऱ्या गिलझाई सरदारांचा पैसा साहेबाने निम्म्यावर आणला. नोव्हेंबर १८४१ मध्ये काबूल पेटले. जानेवारीत सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फातून माघारी निघाले. आठवड्याने डॉक्टर ब्रायडन थकल्या घोड्यावरून जलालाबादेस पोहोचला. मागाहून थोडे आले, काही कैदेत राहिले. बाकीचे खिंडीतच संपले. ब्रायडनचे नाव इतिहासात राहिले. बाजारबुणगे बहुतेक आपलेच हिंदी लोक. त्यांची नावे मला तरी कुठे आढळली नाहीत. सेनापती होता माऊंटस्टुअर्टचाच चुलतभाऊ. तो कैदेत मेला. त्याच एप्रिलात शुजाचाही खून झाला.

मग सूड म्हणून काबूलचा बाजार जाळला, आणि नव्या गव्हर्नर जनरलने, एलेनबरोने, गझनीहून ‘सोमनाथाचे दरवाजे’ वाजतगाजत आणवले. ते सोमनाथाचे नव्हतेच! आजही आग्र्याच्या किल्ल्यात आहेत.

हिंदुस्थानात नजरकैदेत ठेवलेल्या दोस्त महंमदाला मुकाट्याने सोडून दिले. १८६३ मध्ये मरेपर्यंत तो अमीर राहिला. १८५५ साली इंग्रजांनी पेशावरला मैत्रीचा तह केला, तो त्याच्याशीच. कुलाब्याच्या चर्चचा प्रतिष्ठाविधी त्यानंतर तीन वर्षांनी झाला.