काठीवरचा माणूस

मासेमारीच्या फोटोत एक जण मासा धरून हसत असतो. त्याला त्या माशापर्यंत नेणारा, हातात लांब काठी घेतलेला दुसरा माणूस बहुतेक वेळा फ्रेमच्या बाहेर असतो. उथळ समुद्रातल्या फ्लाय फिशिंगचा इतिहासही बराचसा असाच लिहिला गेलाय.

आधी खेळ समजून घेऊ. ‘फ्लॅट्स’ म्हणजे उष्ण प्रदेशातल्या समुद्राचे सपाट, उथळ पट्टे. गुडघाभर पाणी, खाली पांढरी वाळू नाहीतर समुद्री गवत, कडेला तिवरांचं रान. भरती चढू लागली की बोनफिश नावाचा चपळ मासा इथे खेकडे आणि कोळंबी उकरायला येतो. गळाला खरं आमिष नसतं. पिसं नि दोरा गुंडाळून केलेली नकली कोळंबी असते, तीच ‘फ्लाय’. गळ टाकून वाट बघत बसायची सोय इथे नाही. आधी मासा दिसायला हवा, मगच फेकायचं.

आणि दिसणं हीच तर खरी अडचण. बोनफिशचे खवले आरशासारखे, त्यामुळे तो वाळूवर वाळूसारखा आणि गवतावर गवतासारखा दिसतो. कधी फक्त त्याची सावली सरकते, कधी डोकं खाली घालून उकरताना शेपटीचं टोक पाण्याबाहेर येतं. ते टिपतो गाईड. होडीच्या मागच्या टोकाला उभा राहून, आवाज न करता, तो काठीनं होडी पुढे रेटतो. नाळेची दिशा म्हणजे घड्याळातले बारा, असं धरून हळूच सांगतो, “अकरा वाजता, साठ फूट.” पुढे उभा असलेला पाहुणा तिकडे फेकतो. मासा लागला, तर नाव पाहुण्याचं.

पुस्तकांतला इतिहास बहुधा फ्लोरिडा कीज या बेटांच्या माळेपासून सुरू होतो. १९३५च्या चक्रीवादळात ही बेटं जोडणारी रेल्वे उद्ध्वस्त झाली. तिच्याच पुलांचा आधार घेऊन १९३८मध्ये मोटाररस्ता सुरू झाला आणि हौशी मंडळी गाडीनं येऊ लागली. १९३९मध्ये इस्लामोराडाचा गाईड बिल स्मिथ यानं फ्लायवर बोनफिश पकडला. पण खेळाचा बोलबाला झाला तो १९४७नंतर, जो ब्रूक्स या लेखकानं तिथल्या बोनफिशबद्दल लिहिल्यावर. ब्रूक्सचा गाईड होता जिमी अलब्राइट. दोन दोऱ्या जोडायची एक गाठ आजही अलब्राइटच्या नावानं ओळखली जाते. बिलची बायको बॉनी, जिमीची बायको फ्रँकी आणि ब्यूला या तिघी सख्ख्या बहिणी. तिघीही गाईडचं काम करत. त्यांच्या नावाची गाठ मात्र नाही.

कीजच्या पूर्वेला बहामा बेटं आहेत. तिथल्या लोकांना उथळ पाण्याचा तळ वाचणं नवं नव्हतं. अँड्रॉस बेटावरचे कितीतरी जण समुद्रातले स्पंज काढून पोट भरत. काचेच्या बुडाची बादली पाण्यावर टेकवून खाली बघायचं आणि लांब काठीच्या आकड्यानं स्पंज उपटायचा. १९३८-३९मध्ये रोग पसरून स्पंज मेले आणि धंदा बसला. पाण्याची ओळख मात्र राहिली.

याच अँड्रॉसवर चार्ली स्मिथ नावाचा गाईड होता. १९७०च्या दशकात बॉब नॉहाइम या अमेरिकन पाहुण्यानं तिथल्या बोनफिशसाठी मण्यांच्या साखळीचे डोळे लावलेली फ्लाय बांधली. हे डोळे वजनदार, त्यामुळे ती झटकन तळाशी जाते. बाजारात ती ‘क्रेझी चार्ली’ म्हणून जगभर गेली. गाईडचं नाव पोचलं खरं, पण विशेषण लावून.

बिमिनी बेटावरचा अ‍ॅन्सिल सॉन्डर्स होड्या बांधायचा आणि बोनफिशचा गाईड होता. १९६४मध्ये त्यानं एका पाहुण्याला तिवरांमधल्या शांत पाण्यात नेलं. पाहुणे होते मार्टिन ल्यूथर किंग, आणि मासे पकडणं हा काही त्यांचा हेतू नव्हता. नोबेल स्वीकारतानाच्या भाषणावर त्यांनी तिथे, होडीत बसून काम केलं. तेव्हा बहामात ब्रिटिशांचं राज्य होतं आणि सत्ता मूठभर गोऱ्यांच्या हाती होती. कृष्णवर्णीय बहुसंख्याकांचं सरकार आलं १९६७मध्ये, स्वातंत्र्य १९७३मध्ये.

स्वातंत्र्यानंतरही प्रश्न उरलाच. पाणी बहामाचं, नजर बहामाच्या माणसाची, मग कमाई कोणाची? २०१५मध्ये फ्लॅट्सवरच्या मासेमारीसाठी नियमांचा मसुदा आला, तेव्हा गाईड आणि लॉजवाले यांच्यात चांगलीच जुंपली. २०१७पासून परदेशी पाहुण्यांना परवाना लागू लागला. परदेशी होडीतून एकाहून जास्त जण गळ टाकणार असतील, तर प्रमाणित गाईड घेणं बंधनकारक झालं.

हा प्रश्न माशाच्या जिवाशीही जोडलेला आहे. फ्लोरिडानं २०१३पासून पकडलेला बोनफिश पाण्यात परत सोडणं सक्तीचं केलं. सोडलेला मासा उद्या पुन्हा दुसऱ्या कोणाला दाखवता येतो, आणि गाईडची रोजी त्यावरच चालते. पाहुणा आठवड्यानं विमान पकडतो. तिवरं तुटली किंवा मासे आटले, तर रिकाम्या पाण्यात काठी घेऊन उभा राहणार तो गाईडच.