वृद्धाश्रमातील सेवकवर्ग : सातारा-सांगलीचे चित्र

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की चर्चा होते ती तेथील आजी-आजोबांची. त्यांना रात्रंदिवस सांभाळणाऱ्या मावशी, मामा, परिचारिका आणि स्वयंपाकी यांची दखल क्वचितच घेतली जाते.

पार्श्वभूमी
पाटण, जावळी भागांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी कामासाठी गेली. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी तालुक्यांतील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यानिमित्त देशभर विखुरले. गावी राहिलेल्या ज्या वृद्धांना घरचा आधार उरत नाही, त्यांना वृद्धाश्रमाचा आसरा घ्यावा लागतो. स्वयंसेवी संस्थांमार्फत वृद्धाश्रम चालविण्याची राज्याची योजना १९६३ पासून आहे. १९९५ मध्ये तिला मातोश्री वृद्धाश्रम योजनेची जोड मिळाली.

कामाचे स्वरूप
अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला शय्याव्रण होऊ नये म्हणून साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. हे काम रात्रीही थांबत नाही. आंघोळ, मलमूत्राची स्वच्छता, जेवण भरविणे आणि वेळेवर औषधे देणे हे ओघाने आलेच. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध कधी मध्यरात्री बाहेर पडू पाहतात, तर कधी सेवकावरच हात उगारतात. सतत माणसे उचलल्याने सेवकांना पाठ-कंबरेची दुखणी जडतात. जिव्हाळा जडलेल्या वृद्धाचे निधन झाले, तरी पुढची पाळी चुकत नाही. कृष्णेला २०१९ आणि २०२१ मध्ये आला तसा महापूर आला की रस्ते बंद होतात. अशा वेळी बदली माणूस पोहोचेपर्यंत आधीच्या पाळीच्या सेवकाला जागेवरच थांबावे लागते.

कायदा काय सांगतो?
आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाच्या २००७ च्या अधिनियमातील कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. निवासींना द्यावयाच्या सेवांचा दर्जा ठरविण्याचा अधिकारही राज्याला आहे. मात्र सेवकांचे वेतन आणि कामाचे तास यांविषयी हे कलम मौन बाळगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क सर्व क्षेत्रांतील कामगारांपर्यंत नेला. लैंगिक छळाबाबत, दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या संस्थेतील महिलांना २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते.

पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलेल्या ओझी वाहणाऱ्यांसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र माथाडी कायदा झाला. माणसे उचलणाऱ्या सेवकांसाठी असे स्वतंत्र संरक्षण नाही.

प्रवेश घेताना
कुटुंबीय सहसा खोली, जेवण आणि शुल्क यांची चौकशी करतात. रात्रपाळीला किती वृद्धांमागे किती सेवक असतात, त्यांपैकी प्रशिक्षित किती, त्यांना साप्ताहिक सुटी मिळते का आणि सेवक वारंवार बदलतात का, हेही विचारावे. वृद्धांची निगा कशी राखली जाईल, याचा अंदाज या उत्तरांवरून अधिक येतो.